यंत्रं स्वतःबद्दल जे सांगतात: विद्यापीठाच्या क्लस्टरवर एचटीकॉन्डॉर बसवण्याचं एक प्रकरण

एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागाकडे लिनक्सचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह, होता. त्यावर एचटीकॉन्डॉर, म्हणजे मोकळ्या यंत्रांवर कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर, बसवलं त्याची ही गोष्ट. एक हेड नोड (व्यवस्था पाहणारं मुख्य मशीन) आणि त्याच्यामागे खासगी नेटवर्कवर २० कंप्यूट नोड (प्रत्यक्ष काम करणारी मशीनं), प्रत्येकी १६ कोअर आणि ६४ जीबी मेमरी. यंत्रं बरी होती, वापरायची पद्धत मात्र जुनीच. ज्याला नोड रिकामा वाटे तो एसएसएचनं (दुरून लॉगिन करायच्या सोयीनं) तिथं शिरायचा आणि प्रोग्रॅम सोडून द्यायचा. कोण कुठल्या नोडवर आहे याची नोंद एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये होणं अपेक्षित होतं. ती होत नसे. त्यामुळे पहिले तीन-चार नोड कायम धापा टाकत आणि शेवटचे आठ-दहा नुसते ऊब देत बसलेले. शिवाय शेजारच्या इमारतीत शिकवण्याची संगणक प्रयोगशाळा होती. तिथले साठेक डेस्कटॉप संध्याकाळनंतर कुणी वापरत नसे.

कामाचं स्वरूप सरळ होतं. बहुतेक संशोधकांचा प्रोग्रॅम एकच, फक्त इनपुट वेगवेगळं. एकेकाचे हजारो जॉब, म्हणजे चालवायची कामं, पण एका जॉबचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. एक गट मात्र एमपीआयवर (एकाच जॉबचे भाग एकमेकांशी बोलत चालवायच्या पद्धतीवर) चालणारे, पूर्ण नोड लागणारे जॉब टाकायचा. त्यांची गोष्ट शेवटी येते, आणि ती अजून संपलेली नाही.

निवड

जॉब यंत्रांवर आपोआप वाटून देणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. ग्रिड, म्हणजे अनेक संगणक जोडून काम वाटणं, म्हटलं की जुन्या लोकांना ग्लोबस टूलकिट आठवतं. त्याचा आधार मूळ चमूनं २०१८ च्या सुरुवातीला थांबवला. पुढे समाजातल्या काही लोकांनी ते वेगळ्या नावानं चालू ठेवलं, पण नव्यानं उभारणी करणाऱ्यानं तिकडे जावं असं काही कारण उरलेलं नाही. ग्रिड इंजिन हे असंच दुसरं सॉफ्टवेअर सन कंपनीकडून २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं आणि त्याला इतके फाटे फुटले की नेमकं कुठलं घ्यायचं हाच प्रश्न. स्लर्म हा क्लस्टरवर जॉब वाटणारा शेड्यूलर खरा प्रतिस्पर्धी होता. एमपीआयच्या गटाला तोच हवा होता आणि त्यांच्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण स्लर्मच्या मते नोड म्हणजे कायम जागेवर असणारी वस्तू. कुणी विद्यार्थी येऊन बसला की निघून जाणारा डेस्कटॉप त्याच्या हिशेबात नीट बसत नाही.

एचटीकॉन्डॉर जन्माला आला तोच अशा रिकाम्या डेस्कटॉपांसाठी. विस्कॉन्सिन–मॅडिसन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटानं १९८० च्या दशकात तो सुरू केला. २०१२ पर्यंत त्याचं नाव नुसतं कॉन्डॉर होतं. विभागानं तोच घेतला.

त्याची मांडणी समजून घेतली तर पुढचे सगळे घोळ एका माळेत ओवता येतात. प्रत्येक मशीन दर पाच मिनिटांनी कलेक्टर नावाच्या डीमनकडे (मागे सतत चालू असणाऱ्या प्रोग्रॅमकडे) स्वतःची जाहिरात पाठवतं. माझं नाव हे, पत्ता हा, इतके कोअर, इतकी मेमरी, कीबोर्डला शेवटचा हात अमुक वेळापूर्वी लागला, आणि मला अशा प्रकारचे जॉब चालतील. जॉबही आपली जाहिरात देतो: मला इतकी मेमरी हवी, माझा मालक हा, माझ्या अटी या. निगोशिएटर नावाचा डीमन साधारण मिनिटाला एकदा दोन्ही बाजूंच्या जाहिराती समोर ठेवून जोड्या लावतो.

या व्यवहारात जाहिरातीतला मजकूर खरा आहे का, हे कुणीच तपासत नाही. मशीननं सांगितलं ते प्रमाण. पॅकेज बसवणं हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग होता. आवृत्ती ९ पासून टोकनची (ओळख पटवणाऱ्या चिठ्ठीची) सुरक्षा आपोआप चालू असते, नवीन मशीन टोकन मागतं, व्यवस्थापक मंजूर करतो, झालं. त्यानंतरचं जवळजवळ सगळं काम यंत्रांनी स्वतःबद्दल सांगितलेलं खरं ठरवण्यात गेलं.

पत्ता आणि नाव

पहिलं लक्षण असं. मशीनांची यादी दाखवणारी कॉन्डॉर_स्टेटस ही आज्ञा दिल्यावर वीसच्या वीस नोड यादीत दिसत. जॉब टाकला की तो क्षणभर चालू दिसे आणि पुन्हा रांगेत येऊन बसे. पुन्हा चालू, पुन्हा रांगेत. शंका नोडवर गेली, कारण जॉब तिथं मरत होता. दोष हेड नोडच्या पत्त्यात होता.

हेड नोडला दोन नेटवर्क कार्ड होती. एक विद्यापीठाच्या नेटवर्कवर, एक आतल्या खासगी नेटवर्कवर. वेगळं काही सांगितलं नाही तर एचटीकॉन्डॉर सार्वजनिक पत्त्याला प्राधान्य देतो आणि तोच जाहिरातीत टाकतो. जोडी लागेपर्यंत काही अडत नाही, कारण नोड जाहिरात पाठवतो ती सेटिंगमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर, आणि जॉबबद्दलचं बोलणं तोवर हेड नोडकडून नोडकडे चाललेलं असतं. नोडवर जॉब सुरू करणारा स्टार्टर इनपुट फाइल आणण्यासाठी हेड नोडवर त्या जॉबची बाजू सांभाळणाऱ्या शॅडोकडे उलटा जायला निघतो तेव्हा त्याच्या हातात बाहेरचा पत्ता असतो, आणि तिकडे जायला नोडला रस्ताच नसतो.

इंटरनेटवर या प्रश्नाला सरसकट मिळणारं उत्तर म्हणजे नेटवर्क_इंटरफेस या सेटिंगमध्ये खासगी पत्ता लिहून टाका. त्यानं कंप्यूट नोड लगेच चालू लागतात. पण इथं प्रयोगशाळेतले डेस्कटॉप बाहेरच्या नेटवर्कवर होते, त्यांना तो खासगी पत्ता निरुपयोगी. योग्य सोय वेगळी आहे आणि ती फारशी माहीत नसते. हेड नोड आणि कंप्यूट नोड या सगळ्यांना एकच खासगी नेटवर्कचं नाव द्यायचं आणि हेड नोडला त्याचं खासगी इंटरफेस कुठलं ते सांगायचं. मग जाहिरातीत दोन्ही पत्ते जातात. ज्यांचं खासगी नाव जुळतं ते आतून बोलतात, बाकीचे बाहेरून.

डेस्कटॉपांची तऱ्हा आणखी निराळी. ते सगळे एकाच इमेजवरून क्लोन केलेले. त्या इमेजच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या फाइलमध्ये) १२७.०.०.१ च्या, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्याच्या, ओळीवर मशीनचं नाव लोकलहोस्टच्या मागे लिहिलेलं होतं. परिणामी यादीत लोकलहोस्ट नावाच्या ओळींची रांगच लागली. चालायचं ते चालत होतं, पण कुठल्या मशीननं काय केलं हे कळायला मार्ग नव्हता. होस्ट्स फाइल दुरुस्त करून नावं डीएनएसमधून (नेटवर्कच्या नाव-पत्त्यांच्या यादीतून) उलटसुलट दोन्ही बाजूंनी पडताळली. याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मी कोण, माझी फाइल कुठली

त्यानंतरची तक्रार अशी आली: “हाताने चालवलं तर चालतं, कॉन्डॉरमधून चालवलं तर परमिशन डिनाइड.” ज्यानं क्लस्टर सांभाळला आहे त्याला ही तक्रार तोंडपाठ असते. कारण मात्र दर वेळी वेगळं निघतं.

इथलं कारण यूआयडी_डोमेन. या सेटिंगचं मूळ मूल्य मशीनचं स्वतःचं पूर्ण नाव असतं. म्हणजे काही न करता प्रत्येक मशीन आपलं वेगळं संस्थान असल्याचं जाहीर करतं. जॉब पाठवणाऱ्या मशीनचं आणि चालवणाऱ्या मशीनचं डोमेन जुळलं नाही तर जॉब तुमच्या नावानं चालत नाही, नोबडी या खात्याखाली चालतो. फाइल ट्रान्सफर (जॉबसोबतच फाइली पाठवणं) वापरलं असेल तर ते जाणवतही नाही. पण स्क्रिप्टनं होम डिरेक्टरीतली फक्त मालकाला दिसणारी फाइल उघडायचा प्रयत्न केला की नोबडीला दार बंद.

सुरक्षेच्या दृष्टीनं हे मूळ मूल्य शहाणपणाचंच आहे. अनोळखी मशीनवरून आलेल्या माणसाला उगाच कुणाचं खातं देऊ नये. क्लस्टरमध्ये मात्र सगळ्या नोडवर एकाच एलडॅपची (मध्यवर्ती यादीची) खाती होती आणि होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कवर) सामायिक होती, म्हणून हेड नोड आणि कंप्यूट नोड यांना यूआयडी_डोमेन आणि फाइलसिस्टीम_डोमेन एकच दिलं. एवढ्यानंही भागलं नाही. जॉब पाठवणाऱ्या मशीनचं डीएनएसमधलं नाव त्या डोमेनमध्ये मोडतं का, हेही नोड बघतो. खासगी नेटवर्कवरची नावं त्यात बसत नव्हती, तेव्हा ही तपासणी सोडून देणारं ट्रस्ट_यूआयडी_डोमेन चालू करावं लागलं.

डेस्कटॉपांना मुद्दाम वेगळं डोमेन ठेवलं. तिथं विद्यार्थी बसतात, यंत्र कुणीही उघडू शकतं. संशोधकाचं खातं तिथं फिरवायला नको. तिथले जॉब वेगळ्या, अधिकार नसलेल्या खात्यानं चालतात आणि फाइली ट्रान्सफरनंच जातात-येतात. सबमिट फाइलमध्ये (जॉबची मागणी लिहिलेल्या फाइलमध्ये) फाइल ट्रान्सफर ‘गरज असेल तर’ असं ठेवलं की एचटीकॉन्डॉर फाइलसिस्टीमची डोमेनं पाहून ते आपणच ठरवतो. संशोधकांना दोन प्रकारच्या सबमिट फाइली लिहाव्या लागल्या नाहीत. या सगळ्या उभारणीत त्यांना सर्वांत आवडलेली गोष्ट बहुधा हीच असावी, जरी त्यांनी तसं कधी म्हटलं नाही.

४ जीबी मागणारा जॉब

हा घोळ छोटा आहे, पण जवळून पाहण्यासारखा.

ज्या आवृत्तीवर काम चाललं होतं तिच्यात, काही बदललं नाही तर मशीनचे कोअरइतके समान तुकडे, म्हणजे स्लॉट, पडायचे. १६ कोअर, ६४ जीबी, म्हणजे प्रत्येक स्लॉटला ४ जीबी. एका संशोधिकेच्या जॉबला चारच जीबी लागत होते. तिनं नेमके ४ जीबी मागितले. वीस नोड रिकामे आणि तिचा एकही जॉब हलेना.

रांग दाखवणाऱ्या कॉन्डॉर_क्यू या आज्ञेला बेटर-ॲनलाइझचा पर्याय दिला की जॉबच्या अटी एकेक करून सोडवून दाखवल्या जातात आणि प्रत्येक अटीला किती स्लॉट उतरतात ते आकड्यात येतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अटीला सगळे ३२०. डिस्कच्या अटीला सगळे. मेमरीच्या अटीसमोर शून्य. लिनक्सला दिसणारी मेमरी कधीच पूर्ण ६४ जीबी नसते. कर्नल आणि हार्डवेअर आपला वाटा आधीच काढून घेतात. उरलेल्याचे सोळा भाग केले की प्रत्येक स्लॉट ४०९६ एमबीला थोडक्यात मुकतो. सत्तर-ऐंशी एमबी कमी पडले म्हणून ३२० स्लॉट नापास.

तिला ३९०० मागायला सांगणं हा उपाय होता, पण तो त्या दिवसापुरता. ज्याला ६ जीबी लागतील तो काय करणार? दोन स्लॉट शेजारीशेजारी रिकामे असूनही त्याच्या नशिबी काही नाही. खरी दुरुस्ती म्हणजे पूर्ण मशीनचा एकच विभाज्य स्लॉट करायचा आणि जॉब येईल तसा त्याच्या मागणीएवढा तुकडा कापून द्यायचा. त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये हीच मूळ पद्धत झाली, ते बरं झालं.

विभाज्य स्लॉट आले की खरं बोलायची जबाबदारी जॉबवर येते. १ जीबी मागून ९ जीबी खाणारा जॉब सोबतच्या पंधरांना घेऊन बुडतो. म्हणून लिनक्समधल्या सीग्रुप या सोयीची मेमरी मर्यादा कडक ठेवली. मागितल्यापेक्षा जास्त घेतलं की जॉब थांबतो आणि होल्डमध्ये जातो, म्हणजे रांगेत अडवून ठेवला जातो, कारणासकट. पहिल्या आठवड्यात यावर बरीच कुरकुर झाली. मग लोकांना सवय लागली की जॉब संपल्यावर लॉगच्या शेवटी एक तक्ता येतो, त्यात वापरलेली, मागितलेली आणि मिळालेली मेमरी शेजारीशेजारी असते. चार-दोन जॉब चाचणीला टाकायचे, तक्ता बघायचा, थोडी वर धरून मागणी लिहायची. ज्यांनी हे केलं त्यांचे जॉब पटापट लागू लागले. उगीच ३२ जीबी मागून ठेवणारे रांगेत ताटकळले आणि आपोआप शिकले.

सगळं गिळणारा नोड

मग एक रात्र अशी आली की एकाच संशोधकाचे पाच हजारांच्या आसपास जॉब रांगेत होते. प्रत्येकाला साधारण अर्धा तास लागायचा. सकाळी रांग रिकामी. त्याचा निरोप आनंदाचा होता: क्लस्टर अपेक्षेपेक्षा फारच वेगवान निघाला. पण तीनशेवीस कोअरवर अर्ध्या तासाचे पाच हजार जॉब सात-आठ तास घेणारच, आणि नोंदी सांगत होत्या की बरेचसे पहिल्या पाऊण तासातच संपले.

आउटपुटचं फोल्डर उघडलं. सुरुवातीच्या काहीशे फाइली भरलेल्या. बाकी सगळ्या शून्य बाइट. त्यांच्या एरर फाइलमध्ये एकच ओळ, सगळीकडे तीच: इंटरप्रिटर सापडत नाही. एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, १२७. लॉगमध्ये या सगळ्यांच्या नावासमोर एकच आयपी पत्ता.

तो नोड संध्याकाळी रीबूट झाला होता. वर येताना सॉफ्टवेअरच्या सामायिक डिरेक्टरीचं एनएफएस माउंट, म्हणजे तिची जोडणी, लागलं नाही. कॉन्डॉर मात्र व्यवस्थित वर आला आणि त्यानं जाहिरात दिली: १६ कोअर मोकळे, मेमरी भरपूर, या. जॉब आला, पायथन सापडला नाही, सेकंदाच्या आत मेला. एचटीकॉन्डॉरच्या मूळ नियमात शून्येतर एक्झिट कोड म्हणजेही जॉब पूर्ण झाला, रांगेतून गेला. कोअर पुन्हा मोकळा. शिवाय एकदा मशीन एखाद्या वापरकर्त्याला मिळालं की वीस मिनिटांपर्यंत नवी वाटाघाट न होता त्याच दाव्यावर पुढचे जॉब लागत राहतात. एरवी ही सोय चांगली. छोट्या जॉबांत वेळ वाचतो. इथं तिनंच घात केला. धड नोड अर्ध्या तासाला १६ जॉब संपवत होते, आणि हा बिघडलेला सेकंदा-दोन सेकंदाला कोअरमागे एक. जो जितका बिघडलेला, तो तितका जास्त मोकळा दिसतो आणि तितकं जास्त काम ओढतो. या क्षेत्रातले लोक याला कृष्णविवर म्हणतात, ते उगाच नव्हे.

उपाय दोन बाजूंनी करता येतो. जॉबच्या बाजूनं सबमिट फाइलमध्ये सांगता येतं की एक्झिट कोड शून्य नसेल तर पुन्हा प्रयत्न कर किंवा होल्डमध्ये टाक. हे करावंच. पण त्यावर विसंबू नये. पुन्हा प्रयत्न करणारा जॉब बहुधा त्याच नोडवर जाऊन आदळतो, कारण मोकळा तोच असतो. आणि प्रत्येक वापरकर्ता ती ओळ लिहीलच असं नाही. खरी दुरुस्ती मशीनच्या बाजूची: नोडनं स्वतःची प्रकृती तपासून जाहिरातीत लिहायची, आणि ती बरी नसेल तर जॉब घ्यायचेच नाहीत. एचटीकॉन्डॉरमध्ये स्टार्टडी_क्रॉन म्हणून सोय आहे. ठरलेल्या वेळानं तुमची स्क्रिप्ट चालते, ती जे छापते ते मशीनच्या जाहिरातीत जातं, आणि जॉब घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या स्टार्टच्या अटीत ते वापरता येतं.

स्क्रिप्ट लिहिताना दोन फसगती टाळाव्या लागल्या. पहिली: डिरेक्टरी अस्तित्वात आहे का, हे तपासणं कुचकामी. माउंट लागलं नाही तरी माउंट करायची रिकामी डिरेक्टरी तिथं असतेच. म्हणून स्क्रिप्ट जॉब जे करतो तेच करते: सामायिक डिरेक्टरीतला पायथन उघडून एक ओळ चालवते आणि तात्पुरत्या डिस्कवर एक छोटी फाइल लिहून वाचते.

दुसरी जास्त खोल आहे. एनएफएस सर्व्हर मध्येच गप्प झाला तर हार्ड माउंटवर (उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या जोडणीवर) वाचायला गेलेली प्रक्रिया कर्नलमध्ये अडकून बसते. तिला मारणंही अवघड असतं. टाइमआउट लावला तरी त्याचा साधा सिग्नल पोचत नाही. म्हणजे तपासणारी स्क्रिप्टच गोठते. ती नवं काही छापत नाही, आणि जाहिरातीत तिनं आधी लिहिलेलं ‘प्रकृती उत्तम’ तसंच राहतं. आजारी नोड जुनं प्रमाणपत्र दाखवत बसतो. यावर तोडगा असा की स्क्रिप्ट निकालासोबत तपासणीची वेळही छापते, आणि स्टार्टच्या अटीत निकाल बरा आहे एवढंच न बघता ती वेळ दहा मिनिटांपेक्षा जुनी नाही हेही बघितलं जातं. स्क्रिप्ट गोठली की दहा मिनिटांत नोड आपोआप जॉब घेणं थांबवतो, कुणी काही न करता.

माझ्या मते कुठल्याही क्लस्टरवर पहिला वापरकर्ता घेण्याआधी ही तपासणी बसवायला हवी. मॅन्युअलमध्ये सगळं आहे, पण ज्या क्रमानं लागतं त्या क्रमानं नाही.

प्रयोगशाळेतले डेस्कटॉप

डेस्कटॉपांसाठी तयार धोरण मिळतं: कीबोर्ड पंधरा मिनिटं शांत असेल आणि इतरांचा लोड कमी असेल तरच जॉब घ्यायचा, माणूस परतला की जॉब आधी गोठवायचा आणि मग हाकलायचा. कागदावर चोख. प्रत्यक्षात माणूस समोर बसून काम करत असताना जॉब सुरू होऊ लागले.

कारण पुन्हा जाहिरातीतच. कीबोर्ड किती वेळ शांत आहे हे एचटीकॉन्डॉर टर्मिनलच्या डिव्हाइस फाइली पाहून ठरवतो. ग्राफिकल सत्रात यूएसबी माउस हलवणाऱ्या माणसाची खूण तिथं उमटत नाही. त्यासाठी कॉन्डॉर_केबीडीडी नावाचा वेगळा डीमन एक्सच्या, म्हणजे ग्राफिकल पडद्याच्या, सत्राशी जोडून चालवावा लागतो. तो क्लोन इमेजमध्ये नव्हता. तो आला आणि निष्क्रियतेचे आकडे खरे झाले.

गोठवण्याचा भाग आम्ही काढूनच टाकला. गोठवलेला जॉब प्रोसेसर सोडतो, मेमरी सोडत नाही. ८ जीबीच्या डेस्कटॉपवर ३ जीबी धरून बसलेला झोपलेला जॉब म्हणजे विद्यार्थ्याचा ब्राउझर स्वॅपमध्ये, मेमरीऐवजी मंद डिस्कवर. माणूस आला की जॉब सरळ बाहेर. अर्थात तिथलं अर्धवट काम वाया जातं. म्हणून डेस्कटॉप फक्त अशाच जॉबांना घेतात ज्यांनी आपण छोटे असल्याचं, म्हणजे तासाभरात संपणारे असल्याचं, स्वतःच्या जाहिरातीत लिहिलं आहे. एका गटानं आपल्या प्रोग्रॅममध्ये चेकपॉइंट लिहून घेतला. तो ठरावीक वेळानं स्थिती फाइलमध्ये लिहितो, ८५ कोडनं बाहेर पडतो, एचटीकॉन्डॉर फाइल उचलून ठेवतो आणि त्याला पुन्हा सुरू करतो. ते करायची तयारी असेल तर डेस्कटॉप म्हणजे फुकटची खाण आहे.

एक गोष्ट सॉफ्टवेअरच्या बाहेरची. प्रयोगशाळा बंद करताना कुणीतरी मुख्य स्विच पाडायचं. मशीन निरोप न देता गेलं की त्याची शेवटची जाहिरात कलेक्टरकडे पंधरा मिनिटं टिकते, आणि त्यावर चालू असलेला जॉब पुन्हा जोडला जाईल या आशेवर मूळ सेटिंगनुसार ४० मिनिटं ‘चालू’ म्हणून दिसत राहतो. रात्री स्क्रीनवर साठ यंत्रं जोमात, आणि खोलीत अंधार. वीजच काढून घेतली तर त्यावर कुठलीही सेटिंग कामाची नाही. प्रयोगशाळा बघणाऱ्या सहायकांशी बोलून स्विच चालू ठेवायचं ठरलं आणि त्या जागेवर चिठ्ठी लावली.

कुणाला किती

एचटीकॉन्डॉरचं प्राधान्य वापरकर्त्यागणिक मोजलं जातं. ज्यानं अलीकडे जास्त वापरलं त्याचा आकडा वाढतो, आणि आकडा जितका मोठा तितकं प्राधान्य कमी. जुना वापर दर दिवसाला निम्मा होत विसरला जातो. व्यक्तींमध्ये हे न्याय्य आहे. गटांमध्ये नाही. एका प्राध्यापकाचे दहा विद्यार्थी आणि दुसऱ्याचा एकच, तर पहिल्याला दसपट वाटा मिळतो, आणि दुसऱ्याला हे कळायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून हिशेबाचे गट केले आणि प्रत्येकाला टक्केवारीत कोटा दिला. कोटा न वापरलेला असेल तर तो इतरांना घेता येतो, नाहीतर रिकामे कोअर आणि लांब रांग असं विचित्र दृश्य दिसतं. पण मी कुठल्या गटाचा हे जॉब स्वतःच सांगतो, आणि मूळ व्यवस्थेत तेही कुणी पडताळत नाही. एका चाणाक्ष विद्यार्थ्यानं शेजारच्या गटाचं नाव लिहून आपले जॉब पुढे काढले. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. जॉबची रांग सांभाळणाऱ्या शेड्यूलरलाच वापरकर्ता आणि गट यांची यादी दिली. आता जॉबनं काहीही लिहिलं तरी रांगेत शिरताना त्या यादीतला गट चिकटवला जातो.

राहिला एमपीआयचा गट. विभाज्य स्लॉटमुळे नोडवर कायम कुठला ना कुठला एक कोअरचा जॉब चालू असतो. एक संपतो तेव्हा पंधरा चालू असतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच नवा घुसतो. सोळाच्या सोळा कोअर एकदम मोकळे होण्याची वेळ येतच नाही. यासाठी कॉन्डॉर_डीफ्रॅग आहे. तो एखाद्या नोडला नवे जॉब घेणं बंद करायला लावतो आणि चालू असलेले ठरवून दिलेल्या मुदतीत संपू देतो, म्हणजे नोड पूर्ण रिकामा होतो. किंमत उघड आहे. शेवटचा लांबलेला जॉब संपेपर्यंत बाकीचे कोअर नुसते बसून राहतात. शिवाय हा डीमन रांगेकडे बघत नाही. पूर्ण नोड मागणारा एकही जॉब नसला तरी तो आपला नोड रिकामे करत सुटतो.

सध्या एका वेळी दोनच नोड रिकामे करायची मर्यादा आहे, आणि एक छोटी स्क्रिप्ट रांगेत पूर्ण नोडची मागणी आहे का ते बघून डीफ्रॅग चालू-बंद करते. एमपीआयच्या गटाला दोन नोड पुरत नाहीत. त्यांना चार नोड कायमचे काढून द्यावेत आणि तिथं स्लर्म बसवावा असा त्यांचा प्रस्ताव विभागासमोर आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात वावगं काही नाही. नोडांमधल्या संपर्कावर बेतलेले जॉब एचटीकॉन्डॉरच्या प्रकृतीला मानवत नाहीत. अडचण एवढीच की त्या गटाचे जॉब महिन्यातले काही आठवडेच असतात, आणि उरलेल्या काळात ते चार नोड एचटीकॉन्डॉरला परत कसे द्यायचे, याची दोन्ही शेड्यूलरांना पटेल अशी व्यवस्था अजून कुणी लिहून आणलेली नाही.